जपलेले खोके

सन १९८७ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा व्हिडिओ खेळ अमेरिकेतील मुलांच्या हाती आला. त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यास लहानशी खिडकी होती. तीतून आतील सोनेरी कार्ट्रिज दिसे. सोबत माहितीपुस्तिका व नकाशाही असे. पुष्कळ मुलांनी कार्ट्रिज यंत्रात घातले आणि खोके केरात टाकले. प्लॅस्टिक टिकले, कागद मात्र नाहीसा झाला. म्हणूनच आज संग्राहक खोके, पुस्तिका व नकाशा यांसह परिपूर्ण संच शोधीत असतो. नकली खोके विकून फसविणारेही असतात. म्हणून तो कागद व छपाई पारखून घेतो आणि ऊन व दमट हवा यांपासून संच जपतो. एकेकाळी केरात गेलेली वस्तूच पुढे इतिहासाची साक्ष देते.