डब्यातला मुक्काम

मुलांनो, तुम्ही आगगाडीने प्रवास केला असेल. रात्रीच्या गाडीत वरच्या बाकावर झोपलाही असाल. सकाळी जाग येते, गाडी एखाद्या लहान स्टेशनात उभी असते, खिडकीबाहेर डोंगर दिसतो. वाटते, गाडीने इथेच थांबावे. पण शिट्टी होते आणि गाडी निघते.

समजा, ती निघालीच नाही तर? डबा तिथेच उभा आणि आपली चार दिवसांची सुट्टी! ही नुसती कल्पना नाही. जुन्या डब्यांत लोक खरोखर मुक्कामाला राहिले आहेत. त्यांची हकिकत आज वाचू या. आपण बदलापूर गावापासून निघू.

बदलापूर गाव स्टेशनापासून थोडे दूर, उल्हास नदीच्या बाजूला आहे. पूर्वी प्रवासात येथे घोडे बदलत, म्हणून गावाला बदलापूर नाव पडले, असे लोक सांगतात. 'बदल' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो अरबीतून आला आणि उर्दू व मराठी दोन्ही भाषांत रुळला. 1856 साली कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. तो बदलापूरवरून गेला. मग घोडे बदलण्याची गरज उरली नाही.

बदलापूर सोडले की वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळला उतरलात की शेजारीच एक चिमुकली गाडी उभी दिसते. तिच्या दोन रुळांमध्ये फक्त दोन फूट अंतर आहे. हीच माथेरानची गाडी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हा मार्ग बांधला. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 साली काम हाती घेतले आणि 1907 साली गाडी डोंगरावर पोहोचली. त्या काळी सोळा लाख रुपये खर्च आला. आज ही गाडी मध्य रेल्वे चालवते.

2023 साली मध्य रेल्वेने या गाडीसाठी आठ प्रवाशांचा वातानुकूलित सलून डबा देऊ केला. सलून म्हणजे बैठकीच्या खोलीसारखा सजवलेला डबा. तो माथेरानला एक रात्र थांबवून घेण्याचीही सोय ठेवली. मात्र त्याचे भाडे हजारो रुपयांत आहे. तुमच्याआमच्या घरच्या सहलीला ते परवडणारे नाही.

कमी खर्चाची युक्ती इंग्लंडमध्ये 1933 साली निघाली. तेथील एका रेल्वे कंपनीकडे जुने डबे पडून होते. कंपनीने त्यांतले दहा डबे दुरुस्त केले. आत बिछाने, भांडी आणि चूल ठेवली. समुद्रकिनारी किंवा डोंगराजवळ, लहान स्टेशनांच्या बाजूच्या रुळांवर ते उभे केले आणि आठवड्याच्या भाड्याने दिले. दिवे तेलाचे, पाणी स्टेशनातून भरून आणायचे. तरी कुटुंबेच्या कुटुंबे आनंदाने येत. अट एकच, तिथवर येण्याची तिकिटे त्याच रेल्वेची काढायची. कंपनी हुशार होती! दुसऱ्या महायुद्धात ही सोय बंद पडली, पण नंतर पुन्हा सुरू झाली.

आपल्या देशात 26 जानेवारी 1982 रोजी 'पॅलेस ऑन व्हील्स' ही गाडी राजस्थानात धावू लागली. तिला राजेमहाराजांच्या वापरातले जुने सलून डबे जोडले होते. प्रवासी रात्री डब्यातच झोपत आणि दिवसा किल्ले पाहत. पुढे नव्वदच्या दशकात जुने डबे जाऊन नवे डबे आले.

डबे बाद का करतात, हे आता पाहू. चेन्नईजवळ पेरांबूर येथे 1955 साली डब्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. वर्षानुवर्षे तुम्ही आम्ही ज्या निळ्या, तांबड्या डब्यांतून फिरलो, त्यांतले बहुतेक याच पद्धतीचे. अशा डब्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे धरतात. नंतर तो प्रवाशांसाठी वापरत नाहीत. काही डब्यांच्या खिडक्या बंद करून त्यांतून मोटारी वाहून नेतात. बाकीच्यांचा भंगार म्हणून लिलाव होतो.

पण धावायला न चालणारा डबा उभा राहायला चालतो! तो एकवीस मीटरांहून अधिक लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतो. एका कुटुंबाला इतकी जागा पुष्कळ झाली. मात्र रंग लावला आणि पडदे टांगले, एवढ्याने काम भागत नाही. कारागीर आधी गंज शोधतो. गंज बहुधा संडासाखाली, दारापाशी आणि खिडक्यांच्या खाली लपलेला असतो, कारण पाणी तिथेच मुरते. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. मग छताची गळती पाहायची. त्यानंतर वायरी नव्या घालायच्या, सांडपाण्याची वाट करायची, आणि डबा जागचा हलू नये म्हणून चाके पक्की अडकवायची. हे सगळे डोळ्यांना दिसत नाही, पण पैसा त्यातच जातो.

आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. धावत्या डब्यात वारा येतो, उभा डबा मात्र तापतो. याचा अनुभव आपल्याला कोरोनाच्या साथीत आला. 2020 साली रेल्वेने पाच हजारांहून अधिक डबे रुग्णांसाठी तयार केले. मधली बाके काढली, संडासाची न्हाणी केली, खिडक्यांना मच्छरदाण्या लावल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये नंदुरबारच्या स्टेशनात अशा डब्यांत रुग्ण खरोखर राहिले. खानदेशातला तो उन्हाळा! खिडक्यांना कूलर बसवावे लागले. त्याच वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर एका जुन्या डब्यात उपाहारगृहही सुरू झाले.

मला विचाराल, तर माथेरानच्या पायथ्याशी इंग्लंडसारखे साधे डबे उभे करावेत. पंखा, बिछाना, स्वच्छ न्हाणी, बस्स. शाळेच्या सहलीलाही ते परवडतील. पण जागा मात्र नीट पाहून निवडावी लागेल. नदीकाठ सुंदर दिसतो म्हणून डबा तिथे ठेवायचा नाही.

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये, चामटोलीजवळ थांबली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर चढले होते. बाहेर अंधार आणि सगळीकडे पाणी. सुमारे 1050 प्रवाशांनी ती रात्र डब्यांतच काढली. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या, लहान मुले होती. खाली उतरू नका, डबाच सुरक्षित आहे, असे रेल्वेने त्यांना सांगितले. सकाळी बचाव दलाचे व नौदलाचे जवान बोटी घेऊन आले. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. दुपारपर्यंत सारे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बदलापूर हे नाव कसे पडले, असे लोक सांगतात?
(आ) माथेरानचा लोहमार्ग कोणत्या साली पूर्ण झाला?
(इ) इंग्लंडमधील डब्यांत राहण्यासाठी कोणती अट होती?

2. कारणे लिहा.
(अ) कारागीर आधी संडासाखाली आणि खिडक्यांच्या खाली गंज शोधतो.
(आ) नंदुरबारला डब्यांच्या खिडक्यांना कूलर बसवावे लागले.

3. मुक्काम, हकिकत, कारागीर, कारखाना हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

4. तुमच्या गावाजवळ एक जुना डबा मुक्कामासाठी उभा करायचा आहे. जागा कोणती निवडाल आणि का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.