धावण्याचा सराव टिकावा कसा?

(द्वितीय वर्ष, कला)

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण धावण्याच्या सरावाला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. कॉलेज सुरू झाले की पहाटे ग्राऊंडवर वीस-पंचवीस मुले-मुली दिसू लागतात. कोणाला पोलीस भरतीत उतरायचे असते, कोणाला क्रॉसकंट्रीच्या संघात निवड हवी असते, तर कोणाला नुसतीच तब्येत सुधारायची असते. दिवाळीनंतर पाहावे तर त्यांतले चार-पाच जण उरलेले असतात. मग गळालेले सगळे आळशी म्हणायचे काय? तसे म्हणता येणार नाही. गेल्या वर्षी गळालेल्यांत मीही होते. आणि मी आळशी नाही, हे माझी आई कोणालाही सांगेल.

सराव का तुटतो आणि तो टिकवण्यासाठी काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. थोडे वाचन, शारीरिक शिक्षणाच्या सरांचे मार्गदर्शन आणि माझा स्वतःचा एकदा फसलेला प्रयत्न, एवढेच माझे भांडवल आहे.

माझी चूक

प्रथम वर्षाला असताना मी रोज पळत असे आणि रोज जीव तोडून पळत असे. मोबाईलमधले घड्याळ लावायचे, कालच्यापेक्षा कमी वेळ आला की आनंद, जास्त आला की दिवसभर चिडचिड. पहिले तीन आठवडे वेळ भराभर कमी झाला. मग तो थांबला. नडग्या दुखू लागल्या. पहाटे डोळे उघडले की पहिला विचार 'आज नको' असा येऊ लागला. एक दिवस बुडाला, मग आठवडा बुडाला.

तरीही आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीला नाव दिलेले होते. माझे वडील, आबा, कामावर एका दिवसाचा खाडा करून शर्यत पाहायला आले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे तेथे जे काही घडेल ते त्यांना पाहायचे असते. मी अर्ध्यातच थांबले. परतताना एस.टी.त ते काहीच बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "पाय दुखतो का गं?" त्यांचा बुडालेला रोज आणि तो प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना. म्हणूनच चूक नेमकी कोठे झाली, हे समजून घेण्याचे मी ठरवले.

शरीराचे वेळापत्रक

पहिली गोष्ट कळली ती ही, की शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. नियमित धावू लागल्यावर दम टिकणे त्या मानाने लवकर सुधारते. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी हळू पडते. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढायला त्याहून अधिक काळ लागतो. हाडे आणि स्नायू हाडांना जोडणारे कंडरे तर महिनोन् महिने घेतात. म्हणजे दम तयार असतो, पाय तयार नसतात. माझ्या नडग्या दुखल्या त्या यामुळेच.

दुसरी गोष्ट अशी, की सुरुवातीची झपाट्याची सुधारणा पुढे मंदावते. तो निसर्गाचाच क्रम आहे. आपण मात्र तिला आपले अपयश समजतो आणि येथेच मन मोडते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहावे. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची. तीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. २०१८ मध्ये त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर स्वतःचाच विक्रम ते पुन्हा पुन्हा मोडत गेले आणि २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आले. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद! एवढ्या मोठ्या धावपटूची प्रगती अशी कणाकणाने होत असेल, तर तीन आठवड्यांत हिरमुसणाऱ्या आपल्याला काय म्हणावे?

यावरून सरांनी मला आखून दिलेला क्रम असा. नवशिक्याने आठवड्यातून चारच दिवस धावावे. वेग इतका ठेवावा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. तेवढेही जमत नसेल तर दोन मिनिटे धावावे, एक मिनिट चालावे. अंतर थोडेथोडे वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला ते मुद्दाम कमी करावे. दीड-दोन महिन्यांनंतरच आठवड्यातला एक दिवस वेगाच्या सरावासाठी द्यावा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; म्हणून अनेक जण रोज तेवढेच अंतर पूर्ण वेगाने पळतात. पण त्या वेगाचा पाया संथ धावण्यानेच घातला जातो.

उत्साहाची वाट पाहू नये

आपली समजूत असते, की आधी उत्साह येतो आणि मग माणूस धावतो. माझा अनुभव उलटा आहे. आधी धावायला लागावे, उत्साह मागून येतो. पहाटे अंथरुणात मनाला 'जायचे का?' असे विचारले, तर ते 'नको' म्हणणारच. तेव्हा विचारायचेच नाही. आमच्या घरी आई चहाचे आधण ठेवते, तीच माझी धावायला निघण्याची वेळ. कपडे आणि बूट रात्रीच दाराशी काढून ठेवते.

याशिवाय मी तीन नियम केले. पहिला, कितीही कंटाळा आला तरी दहा मिनिटे धावायचे. त्यानंतर वाटल्यास परत फिरायचे. दुसरा, ठरलेले दोन दिवस लागोपाठ बुडवायचे नाहीत. तिसरा, परीक्षेच्या दिवसांत सराव कमी करायचा, पण बंद करायचा नाही. गेल्या आठ महिन्यांत दहा मिनिटांनंतर मी फक्त पाच वेळा परत फिरले.

हा आकडा मला सांगता येतो, याचे कारण माझी वही. शंभर पानी साधी वही आहे. तीत तारीख, किती मिनिटे धावले, झोप कशी झाली आणि एका ओळीत मनाची अवस्था, एवढेच लिहिते. रोजची तुलना रोजशी करीत नाही. या महिन्याची मागच्या महिन्याशी करते. कंटाळा आला की वहीची मागची पाने चाळते. जूनमध्ये पंधरा मिनिटांत धापा टाकणारी मुलगी डिसेंबरमध्ये पन्नास मिनिटे धावते, हे स्वतःच्याच अक्षरात वाचले की दुसऱ्या उपदेशाची गरज पडत नाही.

कंटाळा की थकवा?

मात्र प्रत्येक 'नको' हा आळस नसतो. धावण्याने शरीरावर ताण पडतो आणि शरीर बळकट होते ते त्यानंतरच्या विश्रांतीत. एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस, रॉजर बॅनिस्टर, हा वैद्यकीय विद्यार्थी होता. १९५४ च्या वसंत ऋतूत त्याची प्रगती सरावात खुंटली. तेव्हा धावणे सोडून तो काही दिवस मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला. परतल्यावर तो पूर्वीपेक्षा वेगाने धावला आणि ६ मे रोजी त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला.

दहा मिनिटे धावल्यावर जो जातो तो कंटाळा. जो वाढतो तो थकवा, अशी खूण मी धरली आहे. आठवडाभर विश्रांती घेऊनही पायऱ्या चढताना धाप लागत असेल, तर मुलींनी विशेषतः रक्त तपासून घ्यावे. रक्तात लोह कमी असेल तर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी पडते आणि मनाला कितीही समजावले तरी पाय उचलत नाहीत. अशा वेळी स्वतःला आळशी म्हणून दोष देणे हा अन्याय आहे.

सोबत आणि ध्येय

अंधारात एकट्या मुलीने रस्त्यावर धावणे गावात सोपे नाही. "लग्न झाल्यावर पळायचंय कुठं?" असे विचारणाऱ्या शेजारणी असतातच. माझा धाकटा भाऊ सायकल घेऊन बरोबर येऊ लागला आणि निम्मी अडचण दूर झाली. तो दाराशी उभा असला की मला झोपून राहता येत नाही. सोबतीचा फायदा हाच, की आपला कंटाळा दुसऱ्याला कळतो.

एकच ध्येय शिळे झाले तर ते बदलावे, हे मी ललिता बाबर यांच्याकडून शिकले. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या या धावपटूने २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर त्या स्टीपलचेसकडे वळल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याच.

समारोप

या वर्षी क्रॉसकंट्रीत माझा क्रमांक बराच मागे आला. संघात निवड झाली नाही. पण मी शेवटपर्यंत धावले. आबांना मी मुद्दामच बोलावले नव्हते. त्यांचा रोज बुडू नये म्हणून म्हणा किंवा भीतीने म्हणा. रात्री त्यांना वही दाखवली. त्यांनी भरलेली पाने मोजली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला तारीख आधी सांग."

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, मोठा निश्चय करण्याच्या भरीस पडू नका. लहान नियम करा, हळू धावा, लिहून ठेवा आणि बुडालेल्या दिवसाबद्दल स्वतःला क्षमा करून दुसऱ्या दिवशी बूट घाला. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर येतो तो दहावा दिवस. खरा सराव तेथून सुरू होतो. त्या दिवशी ग्राऊंडवर अवश्य भेटू.