कामावर घेताना ‘कुठली गं तू?’ असं विचारतात तेव्हा



या महिन्याच्या अभ्यासाचा विषय एका बैठकीतून निघाला. रोह्याकडच्या एका गटात हप्त्यांचा हिशोब झाला आणि एक ताई तावातावाने म्हणाल्या, “मॅडम, धाटावला माझ्या पोराला घेत नाहीत. ठेकेदाराला बाहेरचीच माणसं पाहिजेत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराशी वाडीवरच्या एक कातकरी ताई बसल्या होत्या. त्या हळूच बोलल्या, “आणि आमी भट्टीवर जातो, तिथं आमीच बाहेरच्या.” मग कोणीच बोललं नाही. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आता लिहितेय.

आधी ठेकेदाराचं बघू. बाहेरचा माणूस जास्त कष्टाळू आणि आपला पोरगा आळशी, असं ऐकवलं जातं. ते सोडून द्या. गावातला माणूस लावणीला, गणपतीला, लग्नाला घरी जातो. पगार अडला तर सरपंचाकडे जातो, चार माणसं घेऊन गेटवर येतो. बाहेरचा ठेकेदाराच्याच खोलीत झोपतो, आधी घेतलेली उचल फेडत असतो, रात्री दोनला उठवला तरी उठतो. जाणार कुठे? म्हणजे ठेकेदार गाव बघत नाही, अडलेला माणूस बघतो. त्यात आपल्या पोराला काम मिळत नाही आणि त्या पोराला सुटका मिळत नाही. आपण मात्र चिडतो त्या परक्या पोरावर.

“पण ८० टक्के स्थानिकांचा नियम आहे ना?” हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. राज्य सरकारचं तसं धोरण आहे. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयात उद्योगांनी पर्यवेक्षकांच्या जागांवर किमान ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं म्हटलंय. पण त्यातला ‘स्थानिक’ म्हणजे रोह्याचा किंवा पेणचा नव्हे, तर महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. नांदेडचा माणूस स्थानिक, आणि पंधरा वर्षं पेणमध्ये संसार केलेली बिहारची बाईसुद्धा स्थानिक. हरियाणाने याच्या पुढे जाऊन खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदाच केला होता. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. संविधानाच्या कलम १९ प्रमाणे कोणाही भारतीयाला देशात कुठेही राहून काम करता येतं. सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेद करायला कलम १६ ने बंदी आहे. खासगी कंपनी, ठेकेदार किंवा भट्टीवाला मात्र कलम १६ मध्ये येत नाही. ही फट आहे हे समजून घ्या, कारण ठेकेदाराला ती चांगली माहीत असते.

आता भट्टी. दिवाळी झाली की आपल्याकडच्या वाड्या रिकाम्या होतात. मुकादम पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल देतो आणि त्या बदल्यात अख्खा हंगाम बांधून घेतो. विटांचा हिशोब हजारावर, आणि मजूर म्हणून एक माणूस नाही तर ‘जोडी’. नवरा-बायको दोघं राबतात, पैसे नवऱ्याच्या नावावर. बाईचं नाव वहीत नसतंच. हंगाम संपताना सांगतात, “अजून फिटलं नाही, पुढच्या साली या.” १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द होतं. ते फेडायची गरजच नसते. पण वाडीवर मी हे सांगितलं की बायका हसतात. “मग पुढच्या पावसाळ्यात उचल कोण देईल, तुमी?” यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, गटाचं कर्ज. आणि ते वाडीवरच्या गटांना वेळेवर मिळत नाही, हेही खरं.

एक निकाल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८२ साली दिल्लीत एशियाड खेळांची मैदानं बांधायला परराज्यातून मजूर आणले होते. किमान मजुरी होती ९ रुपये २५ पैसे. मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत, वरचा एक रुपया त्यांना आणणारा जमादार घेई. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे, कारण उपाशी माणूस नाइलाजानेच तयार होतो. तो एक रुपया आठवला की मला आपले मुकादम दिसतात.

देशाबाहेर तर भेद उघडच असतो. रोह्यातली, शेजारच्या तालुक्यांतली किती माणसं आखातात आहेत! तिथे एकाच कामाचा पगार पासपोर्ट बघून ठरत आला आहे. फिलिपाइन्सने आपल्या घरकामगार बायकांसाठी महिना किमान ४०० डॉलर मागितले, ज्यांच्या सरकारने मागितलं नाही त्या बायका स्वस्तात गेल्या. कतारने २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना एकच किमान पगार केला, १००० रियाल आणि राहणं-जेवण नसेल तर त्याचे वेगळे पैसे. आपल्यापैकी कोणाला एजंट घरकामाला आखातात न्यायचं म्हणत असेल तर थांबा. दहावी पास नसलेल्या बाईला ३० वर्षांच्या आत तिकडे कामाला पाठवायला आपल्याच सरकारची मनाई आहे. ‘व्हिजिट व्हिसावर चल, मग बघू’ म्हणणारा एजंट खोटा.

आणि आपल्या इकडे? फार्महाऊसवर राखण करणारं नेपाळी कुटुंब दिसतं ना? १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला मोकळीक आहे. किमान मजुरी त्यांनाही लागू आहे.

आता जरा कडू. एका गटाच्या वहीत मी लावणीच्या मजुरीचे दोन रकाने पाहिले. ‘गावच्या बाया ३५०, वाडीच्या ३००.’ विचारलं तर सहज उत्तर आलं, “त्यांना तेवढंच देतात सगळे.” ठेकेदारसुद्धा अगदी हेच म्हणतो, ताई. त्या बैठकीत भांडण झालं, दोघी उठून गेल्या, रकाने अजून तसेच आहेत. पुढच्या लावणीच्या आधी मी परत जाणार आहे.

तोवर एवढं करा. दिवाळीनंतर जी ताई कामाला बाहेर जाईल, तिची नोंद ग्रामसंघाच्या वहीत घ्या. मुकादमाचं नाव आणि फोन, भट्टीचं गाव आणि जिल्हा, उचल किती, हजाराला दर काय, सोबत मुलं किती. उचल नवऱ्याने घेतली तरी बाईचं नाव वेगळं लिहा. आधार कार्ड मुकादमाकडे ठेवायला देऊ नका, हवी तर झेरॉक्स द्या. कोणाला डांबून ठेवलंय असं कळलं तर तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्र मागायला विसरू नका. त्यावर ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळते. खटल्यात गुन्हा शाबीत झाला तर पुनर्वसनाचे पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलाला २ लाख.

पुढच्या बैठकीला मजुरीच्या वह्या घेऊन या. दर आपण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहोत.