कर्तव्ये माफ, हक्क कायम

घरातील वयोवृद्ध वडील जोहरची नमाज अदा करून उठतात आणि थोड्याच वेळात पुन्हा वुजूसाठी पाणी मागतात. कधी रकअती चुकतात, तर कधी स्वतःच्या मुलालाच ‘आपण कोण?’ असे विचारतात. घरचे लोक आधी हसतात, मग चिडतात आणि शेवटी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपवितात. वाचकहो, विषय येथे संपत नाही. हा बहुधा स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया असतो, आणि तो मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये व खेड्यांत अधिक आढळले.

दिव्य कुरआनने या अवस्थेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. काही माणसे अत्यंत दुबळ्या वयाकडे परतविली जातात आणि सर्व काही जाणल्यानंतर त्यांना काहीच कळेनासे होते, असे सूरह नहल (१६:७०) व सूरह हज (२२:५) मध्ये सांगितले आहे. आदरणीय पैगंबर (स.) स्वतः या अवस्थेपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. म्हणून तिला पापाची शिक्षा किंवा बाहेरची बाधा समजणे योग्य नव्हे.

ज्याचे भान हरपले आहे, त्याच्यावरून कलम उचलले गेले आहे, अशी हदीस आहे. चुकलेल्या नमाजीसाठी अशा वडिलांना रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु लक्षात ठेवावे, त्यांची कर्तव्ये माफ झाली. त्यांचे हक्क माफ झालेले नाहीत.

पहिला हक्क उपचाराचा. थायरॉईडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. त्यामुळे तपासणी न करताच वयाला दोष देणे हा अन्याय आहे.

दुसरा हक्क सन्मानाचा. आईवडील वृद्धत्वास पोहोचले तर त्यांना ‘उफ’देखील म्हणू नये, अशी आज्ञा सूरह बनी इस्राईल (१७:२३) मध्ये आहे. तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकताना या आज्ञेची खरी कसोटी लागते.

तिसरा हक्क मालमत्तेचा. ज्यांना आपला व्यवहार सांभाळता येत नाही, त्यांच्या मालातून त्यांना खाऊपिऊ घालावे, वस्त्रे द्यावीत व त्यांच्याशी भली गोष्ट बोलावी, असे सूरह निसा (४:५) शिकविते. भान हरपलेल्या आईचा अंगठा कागदावर उमटवून घेणे म्हणजे अमानतीत खयानत होय.

चौथा हक्क सेवा करणाऱ्याचा. बहुतेक घरांत सारा भार एकट्या सुनेवर पडतो. आईवडिलांची जबाबदारी मुलांची व मुलींची आहे. सून करते तो तिचा एहसान आहे, असे फिकहच्या जाणकारांनी सांगितले आहे. मुलांनी रात्रीचे जागरण, औषधे व खर्च आपसांत वाटून घ्यावा. हा खर्च जकातीत धरता येत नाही, कारण तो त्यांच्यावरील हक्कच आहे.

देशाचा कायदाही येथे सोबत आहे. आईवडिलांच्या पोषणात औषधोपचारही येतो, असे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मानतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सरकारी आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देतो. मात्र कायद्याची वाट अनेक गरीब घरांना ठाऊक नसते. मोहल्ल्यातील जमातीने अशा घराची चौकशी करावी, दवाखान्यात सोबत जावे आणि सेवा करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस तरी विसावा मिळेल असे पाहावे.

वडील आपले नाव विसरले असतील. ते कोण आहेत, हे तर आपल्याला आठवते ना? अल्लाहच्या दरबारी जाब आपल्याला द्यावयाचा आहे, कारण कलम अजून आपल्यावरून उचललेले नाही.