माणूस बदलावा, पण त्याचा मान राखून



दारू सोडवणे, उघड्यावर शौचास जाणे थांबवणे, घरातील जुने देव काढणे अशी कामे आपल्या वस्त्यांतून चालतात. हेतू चांगला असतो. परंतु हेतू चांगला म्हणून मार्गही चांगलाच ठरतो काय?

मी शिक्षक आहे. माझीच चूक सांगतो. विंचूरला स्वच्छतेची मोहीम जोरात होती तेव्हा मी वर्गात म्हणालो, "ज्यांच्या घरी संडास नाही त्यांनी उभे राहावे." पाच मुले उभी राहिली, बाकीची हसली. त्यातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. घरी गेलो तर आईबाप कांद्याच्या खळ्यावर कामाला, आणि राहणे दुसऱ्याच्या जागेतल्या पत्र्याच्या खोलीत. स्वच्छ भारत मिशनमधून २०१४ पासून संडासासाठी १२,००० रुपये मिळू लागले होते; पण ज्याला स्वतःची जागाच नाही त्याने खड्डा कोठे खणावा? जे तिच्या हाती नव्हते त्याची शिक्षा मी तिला दिली होती.

हे माझ्या एकट्याचे नाही. आपल्या राज्यात 'गुड मॉर्निंग पथके' पहाटे निघत, शिट्ट्या वाजवीत, फोटो काढीत. आणि ज्या अभियानाला २००० साली संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले, ते गाडगेबाबा काय करीत? गावात शिरले की आधी स्वतः झाडू हाती घेत, रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारीत. एक रीत लाजवते, दुसरी विचार करायला लावते.

आता आपल्या शेजारच्या येवल्याकडे पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी तेथे धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी अभ्यास केला. मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची कारणे लोकांपुढे मांडली. नागपुरात आधी स्वतः दीक्षा घेतली, मग ज्यांची इच्छा असेल त्यांना उभे राहण्यास सांगितले. तेथेही लोक उभे राहिले आणि माझ्या वर्गातही मुले उभी राहिली. दोहोंतला फरक ओळखा.

भगवान बुद्धांनीही केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले की, केवळ परंपरेने चालत आले म्हणून वा गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या.

म्हणून कोणाला बदलायला निघण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी कारण समजावून सांगितले काय? बदलण्याचे साधन त्याच्या हाती आहे काय? 'नाही' म्हणण्याची त्याला मोकळीक आहे काय? आणि हीच वागणूक मी गावातल्या श्रीमंताला दिली असती काय?

घरात म्हातारी आजी अजून देव्हाऱ्यापुढे दिवा लावीत असेल, तर ती झोपली असता देव्हारा उचलू नका. तिच्याजवळ बसा, तिला वंदनेचा अर्थ सांगा, तिच्या शंका ऐका. वेळ लागेल. बाबासाहेबांनी आपल्यासाठी एकवीस वर्षे दिली. आजीसाठी आपण एक वर्ष देऊ शकत नाही काय?

त्या मुलीची मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. तिच्या घरी संडास मात्र त्या माफीने आला नाही. त्यासाठी जागेच्या मालकाशी आणि ग्रामपंचायतीशी बोलावे लागले. खरे काम तेच होते, आणि मी ते आधी करायला हवे होते.