'निंदा करू नये' हे कोणी कोणाला सांगावे?



भागवताच्या अकराव्या स्कंधातला २८ वा अध्याय भगवंतांच्या एका आज्ञेने सुरू होतो. ते उद्धवाला सांगतात, दुसऱ्याच्या स्वभावाची, कर्माची स्तुती करू नये, निंदाही करू नये. नाथमहाराजांची टीका याच स्कंधावर आहे, त्यामुळे हे वचन माझ्या तोंडी बसलेले. तेच मी भलत्या ठिकाणी वापरले.

मागच्या दत्तजयंतीच्या सप्ताहात लेकीच्या वयाची एक बाई आरतीनंतर माझ्यापाशी थांबली. नवऱ्याचे बाहेर संबंध होते. "काका, मी काय करू?" म्हणाली. मी घाईघाईने म्हटले, "पोरी, कोणाला दोष देऊ नये, भागवतातच सांगितलंय." ती गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून पारायणाला आली नाही.

नंतर अध्याय पुन्हा काढला. पुढच्याच श्लोकात कारण दिले आहे: जो अशी स्तुतीनिंदा करतो तो आपल्याच हितापासून ढळतो, कारण मन भेदात गुंतते. म्हणजे हे साधकाने स्वतःला सांगायचे. त्या आठवड्यात देवळाच्या ओट्यावर सुपारी कातरत त्याच घराची चर्चा चालायची. वचनाची गरज तिथे होती. तिथे मी नुसता ऐकत बसलो. (पतिव्रतेचे अध्याय वाचतानाही आम्हा पुरुषांचा आवाज जरा चढतोच.)

याच स्कंधात अवधूतांचे २४ गुरू आहेत. दिव्याच्या रूपाला भुलून जळणारा पतंग त्यांतलाच. अवधूत त्याची टवाळी करत नाहीत, पण तो कशाने जळला हे स्वच्छ सांगतात. इथे तर झेप एकाची आणि चटका दुसरीला!

कोजागिरीच्या सुमारास सौ.ला घेऊन तिच्या घरी गेलो. "मी चुकलो, तुझ्यावर अन्यायच झालाय," म्हटले. ती रडली. "एवढं तरी कोणी म्हणावं असं वाटत होतं, काका."

पुढे तिच्याच सांगण्यावरून तिचा भाऊ आणि मी तिच्या नवऱ्यासमोर बसलो. तो म्हणाला, "काका, दुसऱ्याला दोष देऊ नये, असं तुम्हीच सांगता ना?"

म्हटले, "तुला नावं ठेवायला मी आलो नाही. हिला काय उत्तर देणार आहेस, ते सांग."

बराच वेळ तो फरशीकडे बघत राहिला.