रुळांखालील खडी : हस्तव्यवसायाचा एक पाठ

कराड, किर्लोस्करवाडी, मिरज येथील लोहमार्ग मुलांच्या पाहण्यातील आहे. खडी केवळ भरीची नसून गाडीचा भार पसरविते व पाण्याचा निचरा करते, हे शिक्षकबंधूंनी प्रथम सांगावे. प्रतिकृती १:५० प्रमाणाची असल्यास ५० मिलिमीटर खडीच्या जागी १ मिलिमीटरची वाळू चाळून घ्यावी. आधी गोंद फासू नये, गुठळ्या होतात. वाळू कोरडीच पसरून मऊ कुंचल्याने सारखी करावी. मग थेंबभर साबण मिसळलेले पाणी तुषारांनी शिंपडावे. साबणाने पाण्याचा पृष्ठताण घटून ते कणांत मुरते. वीतभर मार्ग मुद्दाम साबणाविना करवावा. तेथे थेंब गोळीसारखा वर राहून वाळू विस्कटतो, आणि मुले आपणहून कारण विचारतात. ओलाव्यावरच समभाग पाणी घातलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावा व रात्रभर हात लावू देऊ नये.